गवताच्या गाडीची गादी

आमच्या जिमखान्याच्या स्टाफमध्ये चारचाकीचं लायसन्स असलेला मी एकटाच निघालो आणि तिथून माझ्या पाठीचे दिवस भरले.

लायसन्स आहे म्हणजे गाडी येते असा कुणी समज करून घेऊ नये. ते मी लग्नाआधी काढलं होतं, होणाऱ्या सासऱ्यांवर छाप पाडायला. सासरे माझगावला गोदीत फोरमन. त्यांनी ते लायसन्स उलटंसुलटं करून पाहिलं, माझ्या हातात परत दिलं आणि विचारलं, "गाडी कुठाय?" त्यानंतर ते कपाटातून फक्त नूतनीकरणापुरतं बाहेर यायचं.

मी हितेंद्र पाटकर. परळच्या हितवर्धक जिमखान्यात हेडक्लार्क. (दुसरा क्लार्क नाही. तरी हेड.) जुने मॅनेजर वारल्यापासून त्यांची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर माझा डोळा होता. ती मिळणार हे मी कुणाकडे मागून ठरवलं नव्हतं, मनातल्या मनात ठरवलं होतं. घरी मात्र "जवळजवळ झालंच" असं इतक्या वेळा सांगून बसलो होतो की बायकोनं, म्हणजे दर्शनानं, तिच्या भावाला, आमच्या पुण्याच्या लेकीला आणि लालबागच्या आमच्या सबंध मजल्याला ते सांगून टाकलं होतं. लोक लिफ्टमध्ये विचारायचे, "काय मॅनेजरसाहेब, पेढे कधी?" मी नुसता हसायचो. तसं हसण्यात माझी चांगली प्रॅक्टिस आहे.

तर झालं असं, की आमचा माळी बुधाजी रिटायर होऊन देवगडला निघून गेला आणि ग्राउंडवर गवत माजलं. ग्राउंड आपलं म्हणायचं. थंडीपासून पावसाळ्यापर्यंत तिथे लग्नं लागतात, कंपन्यांच्या क्रिकेट मॅचेस होतात, एखादं प्रदर्शन होतं. मांडववाले येतात, खांब पुरतात, खांब काढून नेतात आणि खड्डे ठेवून जातात. वरून बघणाऱ्याला हिरवंगार दिसतं. खाली उतरलात की पाय मुरगळतो.

आमचा सेक्रेटरी शंतनु. तरुण, एमबीए, पांढरी पँट. त्याला प्रत्येक गोष्टीत सिस्टिम आणायची हौस. त्यानं कुठल्याशा गोल्फ क्लबात मोडीत निघालेली, बसून चालवायची गवत कापायची गाडी आणली. लाल रंगाची, छोट्या ट्रॅक्टरसारखी, पोटाखाली पाती. मीटिंगमध्ये त्यानं विचारलं, ड्रायव्हिंग लायसन्स कुणाकडे आहे? समोर आमच्या अध्यक्षा गुणवंतीताई बसल्या होत्या. मॅनेजरच्या जागेवर सही त्यांची. मला वाटलं, ह्यांच्यासमोर हात वर करणारा माणूस लक्षात राहतो.

मी हात वर केला. बाकीच्यांनी लगेच टाळ्या वाजवल्या, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

त्या गाडीनं उभ्या जन्मात गालिच्यासारखं गवत पाहिलेलं. आमच्याकडे आल्यावर तिचा जो अपेक्षाभंग झाला तो तिनं माझ्यावर काढला. सीट म्हणजे लोखंडी परात, वर रेक्झिनचा पापुद्रा. पहिल्या खड्ड्यात मी वर उडालो आणि इंजिन बंद पडलं. परत चालू केलं. दुसरा खड्डा, परत उडालो, परत बंद. मला वाटलं बॅटरी. शंतनुनं मोबाइलवर वाचून सांगितलं की सीटखाली एक बटण असतं. माणूस बसला की ते दाबलं जातं. माणूस पडला तर गाडी आपोआप थांबते. सेफ्टी.

म्हणजे काय, तर मी हवेत असलो की गाडीच्या मते माझ्या जागी कुणीच नसायचं. आणि मी इतका हडकुळा, की खाली आलो तरी तिची खात्री पटायला वेळ लागायचा. सकाळी चक्कर मारायला येणारे म्हातारे बाकावर बसून हे बघायचे. त्यांना आता घरी पेपर वाचायची गरज उरली नव्हती.

त्या संध्याकाळी मी घरी पोचलो तो भिंतीला धरून. दर्शनानं मलम काढलं, मला पालथं पाडलं आणि पाठ रगडता रगडता विचारलं, "मॅनेजर लोक गवत कापतात का हो?"

मी म्हटलं, ही ट्रायल असते. वरच्या पोस्टसाठी माणसाला सगळ्या कामातून काढतात.

तिनं अंगठा बरोबर दुखऱ्या जागी दाबला.

दुसऱ्या दिवशी मी निघताना घरातून उशी घेतली. इथे मला थोडं स्पष्टीकरण द्यायला हवं, कारण माझ्या बाजूनं बोलणारं त्या घरात कुणी उरलेलं नाही. कपाटाच्या वरच्या खणात एक उशी होती. ती कुणी वापरत नसे. पाहुण्यांनाही देत नसत. आमच्या तीनशे फुटांच्या घरात न वापरलेली वस्तू म्हणजे चैन. पिशवीत घालून मी ती नेली, सीटवर सुतळीनं बांधली आणि बसलो. काय सांगू, पहिली दोन-तीन वळणं मी साहेबासारखा फिरलो. बाकावरच्या म्हाताऱ्यांचे चेहरे पडले.

मग मधला, लग्नाच्या स्टेजच्या खांबाचा खड्डा आला. सुतळी तुटली, उशी पुढे गेली, मी जागच्या जागी परत आदळलो. गाडीला वाटलं सगळं ठीक आहे, आणि ती उशीवरून पुढे गेली.

उशी साध्या कापसाची असती तर भागलं असतं. ती होती सावरीच्या कापसाची. सावरीचा कापूस पडत नाही, तरंगतो. पात्यांनी तो असा उधळला की ग्राउंडवर, बाकावर, म्हाताऱ्यांच्या टकलांवर, शंतनुच्या गाडीच्या काचेवर पांढरं पांढरं उडायला लागलं. समोरच्या टॉवरमधल्या लोकांनी बाल्कनीत येऊन फोटो काढले. एकानं ते आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकले, "परळचं काश्मीर" असं लिहून. फोटोच्या मधोमध मी. हातात उशीचा फाटलेला अभ्रा, आणि त्यावर क्रॉसस्टिचमधली दोन गुलाबाची फुलं.

ती फुलं दर्शनाच्या आईनं भरली होती. कापूसही त्यांनीच गावच्या झाडाखालचा वेचून, सरकी काढून भरला होता. लेकीच्या लग्नात दिलेली उशी. सासूबाई जाऊन काही वर्षं झाली होती. हे सगळं मला माहीत होतं. फक्त पिशवीत उशी कोंबताना त्यातलं काहीच आठवलं नाही. तेव्हा आठवत होती ती पाठ.

घरी गेलो तर दर्शनानं फोटो आधीच बघितले होते. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं अभ्रा माझ्या हातातून घेतला, धुतला, वाळत घातला. वाळल्यावर घडी करून त्याच खणात ठेवला. आणि बोलणं बंद केलं.

बंद म्हणजे कामापुरतं चालू, तेही थेट नाही. भाजी वाढताना भांड्याला विचारायची, "अजून हवी का?" उत्तर मी द्यायचो. लेकीचा, अनुजाचा, पुण्याहून फोन आला. तिनं मला एवढंच विचारलं, "बाबा, घरात दुसरी उशी नव्हती?" मी पाठीचं सांगायला लागलो तर तिनं फोन आईला द्यायला सांगितलं.

मी रोज जात होतो, उडत होतो, आदळत होतो. घरी येऊन कण्हत होतो, जरा मोठ्यानंच. शेवटी दर्शनानं माझ्यासमोर बसून तिच्या भावाला फोन लावला. "अभय, ह्यांच्या त्या गाडीच्या सीटचं काहीतरी कर बाबा. रात्रभर झोप नाही." झोप कुणाला नाही, ते तिनं सांगितलं नाही.

अभयचं लालबागला सीट कव्हरचं दुकान आहे. टॅक्सी, टेम्पो, कुणाच्याही बुडाखालचं काहीही तो शिवतो आणि त्याबद्दल बोलतो. आला तो रविवारी ग्राउंडवर, गाडीभोवती फेरी मारली, सीट थोपटली आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू ती मीच शिवली आहे.

"भावोजी, टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "राजासारखं बसवतो."

त्यानं टायरमधली हवा थोडी कमी केली. मऊ टायर खड्डा खातो, म्हणाला. परातीचं सीट काढलं आणि तिथे एका जुन्या टॅक्सीच्या मागच्या सीटच्या स्प्रिंगा बसवल्या. त्यावर काथ्या, त्यावर फोम, त्यावर मरून रंगाचं वेल्वेट. पाठीला टेकायला गादी, दोन्ही बाजूंना हात. मागे स्वतःच्या दुकानाचं नाव, सोनेरी दोऱ्यानं. गवत कापायच्या गाडीवर लग्नातल्या नवरदेवाची खुर्ची ठेवावी तसं ते दिसत होतं.

मी चढून बसलो. खरं सांगतो, आयुष्यात इतक्या चांगल्या जागी मी कधी बसलो नव्हतो. घरात पलंगाची कड माझी, ऑफिसात एक हात मोडलेली खुर्ची. डोळे मिटावेसे वाटले. मी किल्ली फिरवली.

काही नाही.

परत फिरवली. काही नाही. अभयनं मला उठवलं, बटणाच्या जागी सगळा जोर देऊन गादी दाबली आणि किल्ली फिरवली, तर इंजिन सुरू झालं. मी बसलो, बंद झालं. टॅक्सीच्या त्या स्प्रिंगा मागे तिघांना बसवायच्या हिशेबाच्या. माझ्या वजनानं त्या बटणापर्यंत खाली जाईनातच. आधी मी हवेत गेलो की गाडी मला मोजत नव्हती. आता मांडी घालून बसलो तरी मोजेना.

"सीटमध्ये प्रॉब्लेम नाही," अभय म्हणाला. "भावोजी, तुमच्यात आहे. वजन वाढवा."

ते बटण तारेनं कायमचं बांधून टाकू, असं मी सुचवलं. त्यावर तो म्हणाला, आणि तुम्ही खाली पडून गाडी तुमच्यावरून गेली तर मी ताईला काय सांगू? (उशीचं काय झालं ते त्यानं पाहिलं होतं.)

मी जिमखान्याच्या व्यायामशाळेतून लोखंडी प्लेटा आणल्या आणि पिशवीत घालून मांडीवर घेतल्या. गाडी सुरू झाली, मला आनंद झाला, पहिल्या खड्ड्यात गादी छान दबली आणि छान वर आली. तिच्याबरोबर पिशवीही वर गेली. खाली येताना ती कुठे आली ते मी सांगणार नाही. पुढचे काही दिवस मी ऑफिसात उभ्यानं काम केलं.

अशातच शंतनुनं सांगितलं की गुणवंतीताई ग्राउंड बघायला येणार आहेत आणि मॅनेजरचंही त्याच दिवशी काय ते ठरवून टाकणार आहेत. मी हे घरी जाहीर केलं, म्हणजे भाजीच्या भांड्याला सांगितलं.  त्या दिवशी सकाळी दर्शना इस्त्रीची साडी नेसून, पर्स घेऊन माझ्याआधी दारात उभी होती. मला बरं वाटलं. म्हटलं, आपल्या मोठेपणाच्या वेळी बायको हजर हवीच.

गुणवंतीताई माझगावच्या. मासळीच्या धंद्यात मोठ्या झालेल्या, गुडघ्यांनी अधू, जिभेनं नव्हे. प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या, गाडीकडे बघितलं, मरून वेल्वेटकडे बघितलं. "चालव," म्हणाल्या.

प्लेटा मी घरच्या जुन्या चादरीनं कमरेला बांधल्या होत्या, वरून शर्ट. सात महिन्यांच्या गरोदर बाईसारखा चालत मी गाडीपर्यंत गेलो. चढताना चादरीची गाठ सुटली आणि प्लेटा शर्टातून एकेक करून खाली पडल्या. सिमेंटच्या कट्ट्यावर त्यांचा आवाज बराच वेळ चालला.  मी बसलो, किल्ली फिरवली. गाडीनं नेहमीचं उत्तर दिलं.

ताईंनी विचारलं, हे काय आहे? मी बटणाचं सांगितलं, स्प्रिंगांचं सांगितलं, पाठीचंही सांगितलं. ताईंनी शंतनुला बस म्हटलं. त्याला एकाएकी स्लिप डिस्कची आठवण झाली आणि त्यानं पांढरी पँट जरा झटकली. मग ताई आजूबाजूला बघायला लागल्या.

दर्शनानं माझ्या हातात पर्स दिली. पदर खोचला, चपला काढल्या आणि चढून बसली. गादी दबली. ब्रेक कुठला, एवढंच तिनं मला विचारलं. उशीच्या घटनेनंतरचं तिचं मला उद्देशून पहिलं वाक्य. मी दाखवला.

गाडी सुरू झाली.

मी तिला हाक मारणार होतो, हळू म्हणून. गरज पडली नाही. लग्नाआधी ती वडिलांची स्कूटर चालवायची हे मी ऐकून होतो. नंतर लोअर परळला कपडे शिवायच्या कारखान्यात ती सुपरवायझर होती, साठ बायका हाताखाली. माझ्या आईचं आजारपण सुरू झालं तेव्हा तिनं ते सोडलं. आई गेल्यावर तिनं परत जायचा विषय काढला होता, तेव्हा मी म्हटलं होतं, थांब, माझं मॅनेजरचं होऊ दे, मग बघू. ह्यातलं काही गाडीला माहीत नव्हतं. ती गपचूप तिच्या ताब्यात गेली होती.

तिनं कडेनं सुरुवात केली. खड्डा आला की आधीच वेग कमी, वळसा, परत सरळ. गवताचे पट्टे एकाला एक लागून पडत गेले. बाकावरचे म्हातारे उठून उभे राहिले. मी त्या उन्हात पर्स धरून उभा होतो आणि मला तिचा अभिमान वाटायला हवा होता. थोडा वाटलाही असेल. पण जास्त करून वाटत होतं की आता एखादा खड्डा तिलाही लागावा. छोटासा.

लागला नाही.

खाली उतरून ती थेट ताईंकडे गेली. मी ऐकत होतो. मांडववाल्यांना खड्डे बुजवल्याशिवाय सोडता कशाला, पूर्वेच्या नळाचं पाणी मुरून तिथली जमीन खचतेय, गवत ओलं असताना कापतात ते बंद करा. ताई मान हलवत होत्या. शंतनु मोबाइलवर टिपून घेत होता.

"घरी बसून काय करतेस तू?" ताईंनी विचारलं.

"ह्यांच्या बढतीची वाट बघते," दर्शना म्हणाली.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मग शर्टाबाहेर लोंबणाऱ्या चादरीकडे. मग परत तिच्याकडे. आणि म्हणाल्या, "बघू नको. एक तारखेपासून ये."

घरी येईपर्यंत आम्ही बोललो नाही. ह्या वेळी बंद मी केलं होतं. चहा झाल्यावर मला राहवेना. म्हटलं, ती जागा माझी होती.

"तुम्ही मागितली होती का कधी?" तिनं विचारलं. आवाज शांत होता. कपबशा हातातच होत्या.

मी म्हटलं, मागायची काय, त्यांना दिसत नव्हतं का?

"मलाही दिसत नव्हतं. तुम्ही सांगायचात म्हणून मी धरून चालायचे." कपबशा तिनं ओट्यावर ठेवल्या. "उशीबद्दल तुम्ही एकदाही वाईट वाटलं म्हणाला नाहीत. रोज येऊन पाठ सांगत राहिलात."

 माझ्याकडे जे उत्तर होतं ते पाठीबद्दलचंच होतं. ते गिळून मी म्हटलं, वाईट वाटलं. तिनं ऐकलं, आणि नळ सोडला. माफ केलं की नाही ते अजून मला कळलेलं नाही. विचारायचं धाडस होत नाही. आता ती माझी वरिष्ठ आहे.

एक तारखेला लिफ्टमधल्या लोकांनी पेढे मागितले आणि ते मलाच आणावे लागले. पेढे कशाचे म्हणून सांगायचं हा प्रश्न होता. "घरात मॅनेजर झाला," असं मी सांगत सुटलो. व्याकरण कुणी तपासलं नाही, फक्त शेजारच्या काकूंनी दर्शनाचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि मला, पेढे ताजे आहेत ना, म्हणून विचारलं.

दर्शनानं पहिल्याच सकाळी स्टाफला ग्राउंडवर बोलावलं. आम्ही सगळ्यांनी इतके दिवस टायर मऊ केले, सीट मऊ केलं, स्प्रिंगा आणल्या, उशी कापली, मांडीवर लोखंड घेतलं. तिनं सांगितलं, खड्डे बुजवा. एक ट्रकभर माती आणून ओतली होती. अभयच्या वेल्वेटला प्लास्टिक घातलं होतं, कारण सपाट जमिनीवर जुनी परातही पुरली असती. मात्र माती टाकायला माणूस पाहिजे होता आणि क्लार्कचं काम, तिच्या मते, दुपारपर्यंत संपण्याइतकंच होतं. (ती म्हणते ते खरं आहे. पण हे तिला घरून माहीत होतं, ऑफिसातून नव्हे. अशी माहिती वापरणं मला रीतसर वाटत नाही.)

तेव्हा हल्ली सकाळी मी घमेलं घेऊन पुढे चालतो. खड्डा दिसला की माती टाकतो, पायानं दाबतो, बाजूला होतो. मागून मॅनेजर गाडीवर येतात. पाठ अजून दुखते, पण आता वाकून दुखते.

परवा समोरच्या टॉवरमध्ये नव्यानं राहायला आलेल्या एक बाई चक्कर मारता मारता थांबल्या. मी खड्ड्यात माती दाबत होतो. त्यांनी मला एकदा बघितलं, गाडीवर दर्शनाला बघितलं आणि तिला विचारलं, "नवीन माळी ठेवलात का?"

मी सरळ उभा राहिलो. चष्मा पुसला. लग्नाची इतकी वर्षं बरोबर काढलेल्या बाईकडे बघितलं, की आता सांग.

दर्शनानं इंजिन बंद केलं, म्हणजे बाईंना नीट ऐकू जाईल.

"हो," ती म्हणाली. "पण कायम करायचं की नाही ते अजून ठरवलं नाही."